मांडीवरचे बाळ किती जड होते?

लग्नाचा मोसम असो की ईदची सुट्टी, आपल्याकडे एका गाडीत जितकी माणसे मावतात त्याहून दोन जास्त बसतात. पुढे अब्बू गाडी चालवणार, शेजारी दादी, मागे अम्मी, फुफी आणि तीन मुले. पाय ठेवायच्या जागेत पिशव्या, मागच्या काचेपाशी मिठाईचे डबे. सर्वांत धाकटे बाळ कुठे? ते अर्थातच कुणाच्या तरी मांडीवर. "मी घट्ट धरलंय ना, काही होत नाही," असे दादी म्हणतात आणि गाडी निघते.

दादींच्या मायेविषयी कुणाला शंका नाही. प्रश्न हातांच्या ताकदीचा आहे, आणि त्याचे उत्तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात दिलेले आहे. प्रकरणाचे नाव 'गतीचे नियम'. मुले ते पाठ करतात, गणिते सोडवतात, गुण मिळवतात. पण त्या गणितातली 'वस्तू' म्हणजे आपल्या मांडीवरचे बाळही असू शकते, हे बहुधा कुणी सांगत नाही. या महिन्यात आपण तेच गणित मांडून पाहू.

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ. बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे ते. आपण बाजारात किलोत मोजतो ते. त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. वेग वाढला तर त्वरण, आणि वेग कमी झाला तरी तेही त्वरणच, फक्त उलट्या दिशेचे. ज्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले त्यांनी हेच तीन शब्द कुव्वत, कमियत आणि इसराअ या नावांनी वाचले असतील.

आता स्वयंपाकघरात चला. अनेक घरांत गॅसचा सिलिंडर चाकांच्या छोट्या ट्रॉलीवर ठेवलेला असतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरलेला असतो, आणि रिकाम्या टाकीचे वजन साधारण १५ ते १६ किलो असते. म्हणजे भरलेला सिलिंडर रिकाम्याच्या जवळपास दुप्पट जड. सिलिंडर बदलायच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाने शेगडीची नळी काढलेली असताना रिकामा सिलिंडर ट्रॉलीसह हळूच ढकलून पाहावा आणि मग तेवढ्याच जोराने भरलेला ढकलून पाहावा. रिकामा चटकन पुढे जातो, भरलेला जागचा हलायला आळस करतो. जोर तोच, वस्तुमान दुप्पट, म्हणून त्वरण निम्मे. भरलेला सिलिंडरही रिकाम्याइतक्याच चपळाईने हलवायचा असेल तर जोर दुप्पट लावावा लागेल.

आणि हेच थांबवतानाही खरे आहे. घरंगळत निघालेला रिकामा सिलिंडर एका हाताने थांबतो. भरलेल्यासाठी दोन हात लागतात, पायही रोवावे लागतात. त्यातही एक गोष्ट लक्षात येते. हळूहळू, त्याच्याबरोबर दोन पावले चालत थांबवला तर फार जोर लागत नाही. जागच्या जागी थांबवायला गेलात तर खांद्याला हिसका बसतो. वेग तितकाच, वस्तुमान तितकेच, पण थांबवायला वेळ कमी घेतला म्हणून बल जास्त लागले.

एवढे कळले की न्यूटनचा दुसरा नियम कळला: बल = वस्तुमान × त्वरण. वस्तुमान जास्त तर बल जास्त हवे, आणि वेग झटक्यात बदलायचा तरी बल जास्त हवे.

हा विचार एका दिवसात जन्मला नाही. फेकलेला दगड हातातून सुटल्यावरही पुढे का जातो, या प्रश्नाने विद्वानांना शतकानुशतके कोड्यात टाकले होते. ॲरिस्टॉटलच्या मते आजूबाजूची हवा त्याला ढकलत राहते. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी हे मान्य केले नाही. फेकणारा दगडाला एक 'मैल', म्हणजे पुढे जाण्याचा कल देतो, आणि अडथळा आला नाही तर तो कल संपत नाही, असे त्यांनी 'किताबुश्शिफा' या ग्रंथात मांडले. पुढे गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून वेग कसा वाढत जातो ते मोजले. १६८७ साली न्यूटनने 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात गतीचे तीन नियम सांगितले, आणि दुसऱ्या नियमाला आज पुस्तकात दिसते ते सुटसुटीत समीकरणाचे रूप नंतरच्या गणितज्ञांनी दिले. या सगळ्यांच्या विचारातून एक गोष्ट पक्की झाली: चालत्या वस्तूला थांबायचे असेल तर कुणीतरी बल लावावेच लागते. आपोआप काहीही थांबत नाही.

चालत्या गाडीतले बाळही नाही.

गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. सेकंदाच्या हिशेबात हा वेग जवळपास १४ मीटर होतो. गाडीबरोबर गाडीतली माणसेही त्याच वेगाने पुढे चालली आहेत. आपण सीटवर स्वस्थ बसलो आहोत असे वाटते, पण रस्त्यावर उभ्या माणसाला विचाराल तर आपणही दर सेकंदाला १४ मीटर पळतो आहोत. बाळ एक वर्षाचे, वस्तुमान १० किलो धरू.

समोर म्हैस आली आणि अब्बूंनी करकचून ब्रेक लावला. गाडी दोन सेकंदांत थांबली. वेग १४ वरून शून्यावर यायला दोन सेकंद, म्हणजे त्वरण ७. बाळाला थांबवायला लागलेले बल १० × ७ = ७० न्यूटन. एक किलोची वस्तू हातावर तोलून धरायला साधारण १० न्यूटन बल लागते, म्हणजे हे ७० न्यूटन सात किलोची पिशवी धरण्याइतके झाले. दादींनी बाळाला छातीशी घट्ट धरले, ते सांभाळले गेले. असे शंभर वेळा होते, आणि म्हणूनच "मी धरलंय ना" या वाक्यावर आपला विश्वास बसतो.

आता ब्रेक लावायला वेळच मिळाला नाही आणि गाडी समोरच्या झाडावर किंवा कठड्यावर आदळली असे धरा. गाडीचे नाक चेपते आणि साधारण ०.१ सेकंदात गाडी थांबते. वेग तोच १४, वेळ मात्र ०.१ सेकंद. त्वरण १४०. बल १० × १४० = १,४०० न्यूटन. म्हणजे १४० किलोची वस्तू पेलण्याइतके. सिलिंडरच्या हिशेबात सांगायचे तर जवळपास पाच भरलेले सिलिंडर एकदम हातावर.

बाळाचे वजन वाढलेले नाही, ते १० किलोचेच आहे. पण त्याला एवढ्या थोड्या वेळात थांबवायला जे बल हवे, ते पाच सिलिंडर पेलण्याइतके आहे, आणि तेही पापणी लवण्याच्या आत. माणसाला धोका दिसून हात हलेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातात. म्हणजे हात आवळण्याआधीच सगळे होऊन गेलेले असते. कितीही ताकदवान पहिलवान असो, आणि कितीही प्रेमळ आई असो, हे हातांनी जमणारे काम नाही. माया आणि सावधगिरी कमी पडत नाही, स्नायू कमी पडतात.

"मग मी पट्टा बांधते आणि बाळाला त्याच पट्ट्यात घेते," असे कुणी म्हणेल. हे तर अधिकच वाईट. ६० किलोच्या बाईला त्याच धडकेत थांबवायला ६० × १४० = ८,४०० न्यूटन बल लागते, म्हणजे जवळपास साडेआठशे किलो पेलण्याइतके. बाळ पुढे आणि आई मागे असेल, तर आईला थांबवणारा पट्टा ते बल बाळामधून लावणार. आई आणि पट्टा यांच्यामध्ये बाळ चेपले जाईल. पुढच्या सीटवर मांडीवर बाळ असेल तर समोरून फुगणारी एअरबॅगही त्याच्यावर आदळते. म्हणून एका पट्ट्यात दोघे, हे कधीच नको.

बाळाला थांबवण्यासाठी बल हवेच आहे. प्रश्न फक्त ते कोण लावणार आणि किती वेळात लावणार हा आहे. पट्टा हेच काम करतो. आज गाड्यांत दिसणारा खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो कंपनीसाठी तयार केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर कंपन्यांनाही वापरू दिले. पट्टा बांधलेला माणूस गाडीला जखडलेला असतो. गाडीचे नाक चेपत असताना जो ०.१ सेकंद मिळतो, तो त्यालाही मिळतो. पट्टा न बांधलेला माणूस मात्र गाडी थांबली तरी १४ मीटर वेगाने पुढेच जातो आणि समोरच्या सीटवर, काचेवर किंवा पुढे बसलेल्या माणसावर आदळून थांबतो. तिथे थांबायला मिळणारा वेळ शंभरांश सेकंदाहूनही कमी असू शकतो. वेळ दहापट कमी म्हणजे बल दहापट जास्त.

मागे बसणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे. मागच्या सीटवर पट्ट्याची गरज नाही असा आपल्याकडे सर्रास समज आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. पण न्यूटनचा नियम गाडीची किंमत विचारत नाही.

जो हिशेब बाळाचा, तोच सामानाचा. लग्नघरी नेण्यासाठी मागच्या सीटवर मोकळी ठेवलेली १५ किलोची बिर्याणीची देग त्याच धडकेत २,१०० न्यूटन बलाशिवाय थांबत नाही. ते बल पुढे बसलेल्यांच्या पाठीने लावायचे नसेल तर देग डिकीत ठेवावी. मागच्या काचेपाशी ठेवलेले स्टीलचे डबेही तिथे शोभत नाहीत.

आता नियमाची दुसरी बाजू. एखादी मोटार आणि मालट्रक समोरासमोर धडकले तर दोघांवर बसणारे बल सारखेच असते. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, पण हा न्यूटनचा तिसरा नियम आहे. मग मोटारीचाच चेंदामेंदा का होतो? मोटारीचे वस्तुमान १,००० किलो आणि ट्रकचे १०,००० किलो धरा. बल सारखे, वस्तुमान दहापट कमी, म्हणून मोटारीचे त्वरण ट्रकच्या दहापट. ट्रकमधल्या माणसाला धक्का बसतो, मोटारीतल्या माणसाचा वेग एका क्षणात उलटा फिरू शकतो. म्हणून बाळासाठी वेगळी सीट नसेल आणि लांबचा प्रवास करायचाच असेल, तर छोट्या गाडीत कोंबून जाण्यापेक्षा आगगाडी किंवा एसटी केव्हाही बरी. मोठे वस्तुमान तिथे आपल्या बाजूने असते.

दुचाकीवर मात्र वस्तुमान आपल्या विरुद्ध जाते. स्कूटर ११० किलोची आणि चालवणारे ७० किलोचे, म्हणजे एकूण १८० किलो. त्यावर ६० किलोची पत्नी, २५ किलोचा मुलगा आणि पुढे उभी १५ किलोची मुलगी आली की झाले २८० किलो. इंजिन तेच आहे, म्हणून स्कूटर उचल घेत नाही, हे प्रत्येकाला जाणवते. पण ब्रेकही तेच आहेत, हे तितकेसे जाणवत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने एकटे जाताना ब्रेक दाबल्यावर स्कूटर १२ मीटरांत थांबत असेल, तर चौघे बसल्यावर ब्रेकची ओढ तेवढीच राहिली तर ती सुमारे १९ मीटरांनी थांबेल. हे सात मीटर म्हणजे दुपदरी रस्त्याची रुंदी. ब्रेक आणखी जोरात दाबता येतो हे खरे, पण रोज एकट्याने चालवून हाताला जी सवय झालेली असते, तीच घाबरलेल्या क्षणी कामी येते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट हवे. चार वर्षांखालील मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे नको, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. चारचाकीत १४ वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय असेल तर १,००० रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो थर असतो, तोही आपला जुनाच हिशेब करतो. तो चेपला जातो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ, थोडी जास्त जागा देतो. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलायला हवे.

प्रत्येक घराला चारचाकी परवडत नाही, आणि ज्यांना परवडते त्यांतही अनेकांना बाळाची सीट म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात. त्यांनी एवढाच विचार करावा. आपण बाळाच्या अकीक्याला, वाढदिवसाला, कपड्यांना किती खर्च करतो? भेट देणाऱ्या नातेवाइकांना सोन्याच्या अंगठीऐवजी एक चांगली सीट आणायला सांगता येईल. एका घरातले मूल मोठे झाले की ती सीट अपघातात सापडलेली नसेल तर भावाच्या, बहिणीच्या घरी वापरता येते. तान्ह्या बाळाची सीट मागे, आणि बाळाचे तोंड गाडीच्या पाठीमागच्या बाजूला, अशी बसवतात. धडकेत त्याची पाठ आणि मान एकसारखी पेलली जावी म्हणून. चालू एअरबॅगसमोर अशी सीट कधीही ठेवू नये.

आणि एक उपाय असा आहे ज्याला एक पैसाही लागत नाही. वेग कमी करा. वेग निम्मा केला की तेवढ्याच वेळात थांबायला लागणारे बल निम्मे होते, आणि तेवढ्याच ब्रेकने थांबायचे अंतर तर चौथ्या हिश्श्यावर येते. ताशी ४० ला १२ मीटर लागत असतील तर ताशी २० ला तीनच मीटर पुरतात. गल्लीत, शाळेपाशी, बाजारात हा फरक म्हणजे एखाद्या मुलाच्या जिवाचा फरक असतो.

मुलांसाठी घरी करण्याजोगा एक प्रयोग. खेळण्यातल्या मोटारीला दोरा बांधा, दोरा टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच्या टोकाला एक मोठा लोखंडी नट बांधा. मोटार सोडली की नट खाली जातो आणि मोटारीला ओढतो. टेबल ओलांडायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजा. आता मोटारीवर नाणी चिकटवून मोटार आणि नट यांचे मिळून वस्तुमान दुप्पट करा. प्रयोगाआधी प्रत्येकाने उत्तर सांगायचे: वेळ किती लागेल? बहुतेक जण दुप्पट म्हणतील. प्रत्यक्षात तो सुमारे १.४ पट लागेल, आणि वस्तुमान चौपट केले तर दुप्पट. कारण त्वरण निम्मे झाले तरी तेवढे अंतर कापायचा वेळ दुप्पट होत नाही, २ च्या वर्गमुळाइतक्या पटीने वाढतो. चाकांच्या घर्षणामुळे थोडाफार फरक पडेल, तो का पडला यावर घरात चर्चा करा.

आणि प्रयोग झाला की त्याच मोटारीवर एक छोटी बाहुली नुसती बसवा आणि मोटार टेबलावर ठेवलेल्या जाड पुस्तकावर आदळू द्या. मग बाहुली सुतळीने बांधून पुन्हा करा. हे दादींसमोर करा. पुढच्या प्रवासाला निघताना बाळाला सीटमध्ये बसवण्याचा आग्रह कदाचित त्याच धरतील.